मामाची गाडी

कवितेवर घर चालत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. गाडीचा हप्ता तर कवितेवर मुळीच फिटत नाही. माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस दारात उभी असायची आणि हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता चालत यायचा.

आमचं गाव रत्नागिरी. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पर्यटकांचा ओघ वाढला. २०१७च्या दिवाळीत शेजारचा लॉजवाला म्हणाला, "भाई, गाडी उभीच असते ना? पाहुण्यांना द्या दिवसावर. दीड हजार कुठे गेले नाहीत."

पहिलंच गिऱ्हाईक मुंबईचं. नवरा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. गाडी ते स्वतःच चालवणार होते. किल्ली देताना मी आवाज खाली आणून म्हटलं, "वाटेत कुणी विचारलं, तर मामांची गाडी आहे म्हणून सांगा." मोठी माणसं हसली. मुलाने मात्र ते खरं मानलं. "मामा, तुमच्या गावात समुद्र रोज असतो?" त्याने विचारलं. गणपतीपुळ्याला जाताय तर शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही बघा, असं मीही मामाच्या थाटात सांगितलं.

संध्याकाळी फोन आला. आरे-वारेच्या वळणावर एका स्कूटरवाल्याला धक्का लागला होता. मी रिक्षा करून धावलो. स्कूटरवाला मासळी विकणारा. कोपर सोललेलं, टोपली उपडी, मासळी रस्त्यावर. तिथे हवालदार उभे होते आणि मुलगा त्यांना ठासून सांगत होता, "मामाची गाडी आहे!"

हवालदारांनी गाडीच्या कागदांवरचं माझं नाव वाचलं, त्या कुटुंबाचं आडनाव विचारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मामा तुम्ही?"

आमच्या कोकणात हिंदू मुलाला मुसलमान मामा असणं नवलाचं नाही. मला असे भाचे आहेत. त्यांच्या आयांनी मला राख्या बांधल्या आहेत, त्यांच्या लग्नांत मी पंगतीत वाढलं आहे. म्हणूनच मला "हो" म्हणता येईना. ज्या नात्याचा अभिमान बाळगला, तेच मी दीड हजारात भाड्याने दिलं होतं. मी म्हटलं, "नाही साहेब. गाडी भाड्याने दिली आहे."

मासळीवाल्याने तक्रार केली नाही. त्याचा दवाखाना, स्कूटरची दुरुस्ती आणि मासळीचे पैसे मी भरले. हवालदारांनी समज देऊन सोडलं, तो त्यांचा मोठेपणा.

घरी येऊन विम्याचा कागद पहिल्यांदा वाचला. कवितेतला एकेक शब्द पारखणारा मी, पण हा कागद कधी उघडलाच नव्हता. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नाही, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे गाडीचं नुकसान आपलं आपण सोसायचं. जखमी माणसाला भरपाई मिळाली, तरी विमा कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एखाद्याचा जीव गेला असता, तर माझं घरही गेलं असतं.

कायद्याने पाट्यांचे रंग वेगळे ठेवले आहेत, ते उगाच नाहीत. पांढरी पाटी घरच्या वापराची. पिवळी पाटी, काळी अक्षरं ही टॅक्सीची. काळी पाटी, पिवळी अक्षरं ही पर्यटकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची. या शेवटच्या प्रकारासाठी १९८९च्या केंद्रीय योजनेत किमान ५० गाड्यांची अट घातली होती. म्हणजे एका गाडीवाल्याचं ते कामच नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनापरवाना वापराला पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आमचे वडील म्हणायचे, जी कमाई चारचौघांत सांगता येत नाही ती हलाल नव्हे. पुढे मी रीतसर परवाना काढला, पिवळी पाटी लावली, वेगळा विमा उतरवला. पासिंगचा खर्च आला, कर वाढला, हातात कमी उरतं. पण आता गाडी मीच चालवतो आणि कुणी विचारलं तर भाड्याची आहे असं मोठ्याने सांगतो.

निघताना त्या मुलाने विचारलं होतं, "मामा, परत येऊ?" मी म्हटलं, "ये की." ते मात्र मी मनापासून म्हटलं होतं.