फौजीच्या घरच्यांचे औषधपाणी



ज्यांच्या घरचा माणूस फौजेत होता, त्यांनी जरा कान द्यावा. नोकरी असेतो दुखणेखुपणे फौजेचा दवाखाना पाहतो. पेन्शनीत आल्यावर माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, १ एप्रिल २००३ पासूनची. तिला ईसीएचएस म्हणतात. वर्गणी एकदाच भरायची. डिसेंबर २०१७ च्या हुकुमाने शिपाई ते हवालदार ३०,००० रुपये. १ जानेवारी १९९६ पूर्वी पेन्शनीत आलेल्यांना ती माफ. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही योजना आहे. मुलगा पंचविशीपर्यंत, तोही बिनलग्नाचा व बिनकमाईचा असला तर.

पण खरी अडचण नावाची. लग्नात आपली नावे बदलतात ना! माझ्या नणंदेचे फौजेच्या पुस्तकात माहेरचे नाव, आधारावर सासरचे. यजमान गेले आणि ‘ही बाई तीच कशावरून?’ म्हणून तिला वर्षभर हेलपाटे घालावे लागले. गुडघे दुखत, आणि औषध पदरच्या पैशाचे.

यजमान हयात असतानाच दुरुस्तीचा अर्ज त्यांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला जाऊ द्या. वाशीमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पेटीतले डिस्चार्ज बुक आजच काढा, आणि आपले नाव, जन्मतारीख स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर माझ्याकडे या, मी वाचून देते.