एका तारेने दोन संगणक



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की हे शहरातल्या हौशी मंडळींचं काम. आपला त्याच्याशी काय संबंध? पण संबंध आहे, आणि शिक्षकांचा तर फार जवळचा आहे. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ या नावाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली. आरंभी देशातील अडीचशेच्या आसपास शाळा त्यात होत्या, आणि त्यांना मिळालेले संगणक होते ‘बीबीसी मायक्रो’. इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१ साली बाजारात आणले. ब्रिटिश नभोवाणी संस्थेच्या संगणक-शिक्षणाच्या कार्यक्रमांसाठी ते तयार झाले, म्हणून त्याला तिचे नाव मिळाले.

अशा यंत्रांवर कोणी गणिताचे धडे रचले असतील, कोणी मुलांसाठी शब्दकोडी बसवली असतील, कोणी गुणपत्रके मांडली असतील. हे सारे फ्लॉपीवर, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या पातळ चकतीवर ठेवलेले असे. त्या चकत्यांना आता चाळीस वर्षे होत आली. दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते, लेप सुटू लागतो. एकदा लेप गेला की मजकूर गेला. कागद फाटला तर तुकडे जोडून वाचता येतो. इथे जोडायला तुकडेच उरत नाहीत. म्हणून, चकती वाचता येते आहे तोवर तिच्यातला मजकूर दुसऱ्या यंत्रात कसा न्यावा, हे आज मी सांगणार आहे.

कोणी म्हणेल, त्यात काय? फ्लॉपी काढावी आणि दुसऱ्या संगणकात घालावी! तसं होत नाही. सवापाच इंची चकती दिसायला सगळीकडे सारखीच. परंतु ॲपल टू संगणक तिच्यावर एका रीतीने लिही, बीबीसी दुसऱ्या रीतीने, कमोडोर तिसऱ्याच रीतीने. वही एकाच मापाची, पण एकाने मोडीत लिहावे आणि दुसऱ्याला फक्त बाळबोध वाचता यावे, असा तो प्रकार. मात्र यांतील बहुतेक यंत्रांना एक सामाईक दार होते, किंवा बसवून घेता येई. त्या दाराचे नाव सिरियल पोर्ट. १९६० साली अमेरिकेत ठरलेले आणि १९६९ साली सुधारलेले आरएस-२३२ हे त्याचे मानक. बीबीसी मायक्रोचे दार आरएस-४२३ जातीचे आहे. पण या दोन जातींचे आपसांत जमते. हल्लीच्या संगणकाला असे दार नसते, तरी यूएसबीला लावायचा लहानसा जोड बाजारात मिळतो. तेव्हा दुसरे यंत्र जुने असो की नवे, रीत एकच.

आता तार कशी जोडायची ते पाहू. मुळात तीन तारा पुरतात: एक पाठवण्याची, एक घेण्याची आणि एक दोघांना सामाईक अशी शून्य दाबाची. यातली मेख एवढीच, की एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या जागी गेली पाहिजे. एकाचे तोंड ते दुसऱ्याच्या कानाशी; तोंडाला तोंड लावून संभाषण होईल का? बीबीसीचे हे पाच टाचण्यांचे गोल दार असे आहे, की त्यात जोड उलटाही बसतो. म्हणून केबल निमूट राहिली, तर जोड काढून उलटा लावून पाहावा. अर्थात तारा जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत.

तारेवरून मजकूर जातो तो एकेक खूण करीत. एका अक्षराच्या आठ खुणा. प्रत्येक खूण शून्य किंवा एक. त्यांच्यापुढे आरंभाची एक खूण आणि मागे शेवटची एक, अशा दहा खुणा मिळून एक अक्षर. आरंभाची खूण कशाला, असं आपण विचाराल. दोन्ही यंत्रांची घड्याळे वेगळी. ती तंतोतंत जुळत नाहीत. पण प्रत्येक अक्षराला घेणारे यंत्र नव्याने सम पकडते. मग पुढचे दहा ठोके तेवढे जुळले की काम झाले. त्याकरिता वेग मात्र आधी ठरवून दोघांना सारखाच सांगावा लागतो. सेकंदाला ९६०० खुणा हा वेग ठरवला तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. बीबीसीच्या चाळीस मार्गांच्या चकतीच्या एका बाजूवर १,०२,४०० अक्षरे मावतात. तारेवर त्यांना पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. सेकंदाला १२०० खुणा ठेवल्या तर चौदा मिनिटे लागतील. घाई असली तरी चुका येऊ लागल्यावर खालच्या वेगावर उतरावे. बीबीसीवर घेण्याचा वेग ९६०० करण्यासाठी ‘*एफएक्स ७,७’ आणि पाठवण्याचा तेवढाच करण्यासाठी ‘*एफएक्स ८,७’ ही आज्ञा कळफलकावरून रोमन लिपीत द्यावी. १२०० हवे असतील तर शेवटच्या साताच्या जागी चार.

इथे एक अडचण येते. मजकूर पाठवायला यंत्रात तसा प्रोग्रॅम हवा; आणि तो प्रोग्रॅम आणायला पुन्हा तार हवी! बीबीसीच्या रचनाकारांनी यातून वाट ठेवली आहे. ‘*एफएक्स २,१’ ही आज्ञा दिली की यंत्र कळफलकाऐवजी तारेकडे कान लावते. मग दुसऱ्या संगणकाने ओळीमागून ओळ पाठवावी. बीबीसीला वाटते, कोणी समोर बसून टंकलेखनच करीत आहे. अशा रीतीने पाठवण्याचा प्रोग्रॅम तारेवरूनच आत जातो.

शेतात दारे धरणाऱ्यांना पुढची गोष्ट लगेच पटेल. वाफा भरला की दारे धरणारा पाणी वळवतो; वळवले नाही तर बांध फुटतो. घेणाऱ्या यंत्राचेही तसेच आहे. ते चकतीवर लिहीत असताना त्याला तारेकडे बघायला सवड नसते, आणि त्या वेळी आलेली अक्षरे वाहून जातात. त्यासाठी आणखी दोन तारा असतात, ‘थांब’ आणि ‘येऊ दे’ सांगणाऱ्या. त्या जोडून घ्याव्यात.

एवढे केले आणि मजकूर पलीकडे गेला. पण तो बिनचूक गेला, हे कशावरून? सगळ्या कामाचे मर्म इथे आहे. पूर्वी रजिस्टर पत्राला पोचपावती जोडलेली असे. ती सही होऊन परत आली म्हणजे पाठवणारा निश्चिंत होई. तशीच पोचपावती संगणकांसाठी १९७७ साली अमेरिकेतील वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी बसवली. त्यांच्या एक्समोडेम पद्धतीत मजकुराचे १२८ अक्षरांचे गठ्ठे करतात. गठ्ठ्यातल्या सर्व अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करून तिला २५६ ने भागतात आणि बाकी तेवढी गठ्ठ्यासोबत पाठवतात. घेणारे यंत्र आपली बेरीज करून ताडून पाहते. जुळली तर ‘पोचले’ म्हणते, नाही तर ‘पुन्हा पाठव’. ‘पोचले’ आल्याशिवाय पुढचा गठ्ठा सुटत नाही. दोन चुका एकमेकींना झाकून बेरीज जुळवू शकतात, हेही खरे. म्हणून पुढे याहून कडक ताळा निघाला. ज्या प्रोग्रॅममध्ये तो मिळेल, त्यात तोच निवडावा.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘कर्मिट’ ही दुसरी पद्धत तयार झाली. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावरील आपले काम फ्लॉपीवर नेता यावे, हा तिचा एक हेतू होता. तिचा एक गुण आपल्या भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. काही जुन्या मार्गांवरून आठांऐवजी सातच खुणा जातात. इंग्रजी अक्षरांना सात पुरतात. पण बीबीसीवर बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंट’ हा शब्द २४१ या एका आकड्याने साठवलेला असतो. आठवी खूण गळाली की त्याचे ११३ होतात, म्हणजे इंग्रजी ‘क्यू’ हे अक्षर! आणि देवनागरीचे काय होते? १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात आपली सारी अक्षरे १२८ च्या पुढे आहेत. त्यातल्या ‘क’चा आकडा १७९, आठवी खूण गेली की तिथे नुसता इंग्रजी तीन उमटतो. अख्खा मराठी मजकूर असा मातीमोल होईल. कर्मिट आठवी खूण वेगळ्या चिन्हाने कळवू शकते, म्हणून अशा मार्गावरूनही मजकूर शाबूत राहतो. साधी तार असेल तर आठ खुणांचीच नेमणूक करावी, आणि इस्कीतला मजकूर पुढे आजच्या युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.

आता शिक्षक मित्रांसाठी कामाचा क्रम सांगतो. जुने यंत्र सापडले की उत्साहाने लगेच वीज लावू नका. त्याच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर जुने होऊन तडकतात आणि धूर काढतात. जाणकाराकडून ते आधी बदलून घ्या. बुरशी धरलेली चकती तशीच आत घालू नका. ती स्वतः जाईल आणि वाचणारा भागही घाण करील. चकतीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. पहिल्याने एखादी लहान, बिनमहत्त्वाची फाइल पाठवून पाहा. ती तिकडून परत आणून मूळ फाइलशी ताडा. मगच बाकीच्या पाठवा. बीबीसीच्या प्रत्येक फाइलसोबत तिचे नाव आणि ती स्मृतीत कुठे ठेवायची, कुठून चालवायची, याचे आकडेही असतात. ते वेगळे टिपून ठेवा, नाही तर काही प्रोग्रॅम येतील पण चालणार नाहीत. आलेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मूळ चकती टाकून देऊ नका.

हे काम कोणा तज्ज्ञाची वाट पाहत ठेवण्यासारखे नाही. तार बनवून देणारा तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारा कारागीरही असू शकेल. परंतु कोणत्या चकतीवर कोणत्या वर्षाच्या मुलांचे काम आहे, कोणता धडा कोणी रचला, हे ज्यांनी ते केले त्यांनाच ठाऊक. ती माणसे आता निवृत्त झाली आहेत. मजकूर तारेवरून येईल, त्याची ओळख मात्र त्यांच्या तोंडूनच मिळेल. तेव्हा शाळेच्या अडगळीच्या खोलीत असे एखादे यंत्र किंवा चकत्यांचा डबा असेल, तर येत्या सुटीत तो उघडा, आणि त्या गुरुजींना किंवा बाईंना शेजारी बसवून घ्या.