खर्च कोण करणार?

मैत्रिणींनो, गेल्या एप्रिलात आम्ही चौघी व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट बघून आलो. सगळं आमचं आम्हीच ठरवलं. तिन्ही शहरं डॅन्यूबकाठची. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेनं तासाभरावर, पुढे बुडापेस्ट सुमारे अडीच तास. पहिल्या दोन देशांत युरो, हंगेरीत फोरिंट. शेंगेन व्हिसा मात्र तिन्हींना एकच. मुक्काम जिथं जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. आम्ही बुडापेस्टला चार रात्री धरल्या. तो माझा हट्ट. १९१३ च्या जूनमध्ये तिथं देशोदेशींच्या बायका मताधिकारासाठी जमल्या होत्या. रोझिका श्विमरनं त्या परिषदेसाठी खपून तयारी केली होती. ते गाव घाईत कसं बघायचं?

इथवर मजा होती. मग अर्जात प्रश्न आला : खर्च कोण करणार, स्वतः की दुसरं कोणी? दोघी नोकरीवाल्या, माझी पेन्शन. आम्ही पटकन खूण केली. चौथी तीस वर्षं घर सांभाळून नवऱ्याचं दुकान चालवते. तिच्या नावावर खातं नाही. 'स्पॉन्सर : पती' लिहिताना ती थांबली. "अगं, दुकानाचे हिशेब सगळे माझ्या अक्षरात आहेत," म्हणाली. पण अर्जाला जोडायचं ते बँकेचं पत्रक, हिशेबवही नव्हे. शेवटी नवऱ्याची सही आणली.

परतल्यावर तिनं घरी विषय काढला : दुकानात मला कागदोपत्री भागीदारी हवी. नवरा म्हणतो, बघू. वकिलाकडे जायचा दिवस तिनं ठरवलाय. सोबत मी जाणार आहे.