वाटून घेतलेलं भेव



संयोजकांनी विषय दिला आहे ‘शाळेबाहेरचे माझे गुरू’. आधीच्या वक्त्यांनी मोठमोठी नावं घेतली. मी मात्र दिवंगत दिग्दर्शक श्याम रामसे यांच्याबद्दल बोलणार आहे. हो, भुताचे सिनेमे काढणारे तेच ते रामसे. सर, हसू नका.

१९९३ साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. गोंदिया अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यातलेच. केबल मोजक्या घरी. त्यामुळे एका खोलीत दहा-बारा पोरं आणि दोन चादरी. ‘मले भेव नाही लागत’ असं म्हणणारा सगळ्यात आधी चादरीत शिरायचा. नंतर कोणाचे तरी बाबा टॉर्च घेऊन एकेकाला दारापर्यंत सोडायचे.

तो कार्यक्रम श्याम आणि तुलसी या रामसे बंधूंचा. मोठेपणी त्यांच्याबद्दल वाचलं आणि आदर वाढला. त्यांचे वडील फाळणीनंतर मुंबईत आलेले, रेडिओच्या धंद्यातले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगाला थिएटरातले लोक दचकतात, हे मुलांनी हेरलं. पडलेल्या सिनेमातलं जे चाललं तेवढंच उचललं आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ केला. महाबळेश्वरला, घरच्याच माणसांना घेऊन, थोडक्या पैशांत. सात भाऊ होते. कोणी पटकथा पाहायचा, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी संकलन. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. अपयशातून नेमकं कामाचं उचलणारी इतकी नेटकी टीम मी फार कमी पाहिली.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ तर तुफान चालला. त्यातला सामरी आठवतो ना? ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुडकीला शिकलेले इंजिनिअर. इंजिनिअरिंग करून पोरगी काय करेल, असं विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

या सिनेमांत खटकण्यासारखं पुष्कळ होतं. बायकांकडे बघण्याची नजर, ओढूनताणून केलेले विनोद. ते मी झाकत नाही. समीक्षकांनी त्यांना कधी जवळ केलं नाही. पण लहान गावांतल्या थिएटरांनी केलं, कारण तिथे लोक एकत्र बसून घाबरायचे आणि बाहेर पडताना एकत्र हसायचे.

डिसेंबर २०१८ मध्ये तुलसी गेले. १८ सप्टेंबर २०१९ ला श्यामही गेले, ६७ व्या वर्षी. ती बातमी मी आपल्या ग्रुपवर टाकली. एरवी सणांच्या शुभेच्छांपलीकडे न जाणारा आपला ग्रुप त्या रात्री एक वाजेपर्यंत जागा होता.

आता आपल्या सगळ्यांची भेवं वेगळी आहेत. नोकरी जाईल का, तपासणीचा रिपोर्ट काय येईल, गावात एकट्या राहणाऱ्या आईबाबांचा अवेळी फोन तर येणार नाही? गेल्या पावसाळ्यात माझी आई गोंदियात दवाखान्यात होती आणि मी पुण्यात. रात्री दोनला मी तुमच्यापैकीच एकीला फोन केला. तिने काही विचारलं नाही. भर पावसात स्कूटी काढली आणि सकाळपर्यंत आईच्या उशाशी बसून राहिली. ती आज इथे आहे. नाव घेतलेलं तिला आवडणार नाही.

माणसाला भेव वाटणारच. ते एकट्याने सोसायचं नसतं, एवढं मी रामसेंच्या भुतांकडून शिकले. आज जाताना सगळ्यांनी एकमेकांचे नंबर नक्की घ्या. आणि रात्री-अपरात्री फोन आला तर उचला.