कुठून कळलं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल'. तो मी परस्पर बदलला आहे. वीस वर्षं खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईची वाटचाल ती काय असणार! त्याऐवजी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या पार्लरबद्दल बोलते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घ्यायचं नाही अशी तिची अट आहे, त्यामुळे हसू नकोस गं, ओळखतील.

बरीच वर्षं दुसऱ्यांकडे काम करून तिने डहाणू रोड स्टेशनजवळ स्वतःचा गाळा घेतला, भाड्याने. पाटी लावली 'हेअर सलून'. पहिले काही दिवस फक्त पुरुष डोकावले. आपल्याकडे सलून बाप्यांचं आणि पार्लर बायकांचं, हे पाटी रंगवणाऱ्यालाही माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही. पाटी बदलली, जरा जम बसला, आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं.

राज्यात सलून-पार्लर पुन्हा उघडायला परवानगी मिळाली २८ जून २०२० ला. मधल्या काळात ती भाचीच्या मदतीने वेण्या आणि अंबाड्यांचे व्हिडिओ टिकटॉकवर टाकत होती, बघणारेही बरे जमले होते. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. म्हणजे शटर वर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी प्रेक्षक गेले! त्या रात्री तिचा मला पुण्याला फोन आला. "तू कॉम्प्युटरवाली ना? काहीतरी कर. भाडं थकलंय, मुलीची बारावी आहे. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर गाळा सोडते."

मी मोठ्या उत्साहाने कामाला लागले. इन्स्टाग्रामवर पान काढलं, खाली सगळा मजकूर इंग्रजीत, आणि पैसे भरून जाहिरात लावली. ही जाहिरात कुठे दिसावी ते नकाशावर गोल काढून ठरवता येतं. मी डहाणू रोडभोवती ऐसपैस गोल काढला. त्यातला जवळजवळ अर्धा अरबी समुद्रात गेला आणि वरचा तुकडा गुजरातेत. माशांनी काही फोन केला नाही. उंबरगावहून एका बाईंनी विचारलं, घरी येऊन मेंदी लावता का. बघणाऱ्यांचा आकडा रोज चढत होता, मी तिला तो कौतुकाने कळवत होते, आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघत "हो का" म्हणत होती.

शेवटी तिनेच एक वही घातली. नवी बाई आली की नाव, काम आणि एक प्रश्न : कुठून कळलं? महिन्याभराने तिने मला पानांचे फोटो पाठवले. वहिनीने सांगितलं. शेजारणीचे केस बघितले. पुढे लोकल सर्वांसाठी सुरू झाल्यावर तर पानोपानी एकच उत्तर, 'लोकलमधल्या मैत्रिणीने'. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते. बोईसर, पालघर, विरारला नोकरीला जाणाऱ्या कितीतरी बायका रोज त्या डब्यात असतात, आणि त्यांचा व्हॉट्सॲपचा ग्रुपही असतो. पोटापाण्यासाठी आकडेवारीच वाचणारी मी, पण खरी माहिती मिळाली त्या वहीतून.

तेव्हा मला आपल्या शाळेतली, पाठ झालेली एक गोष्ट आठवली. ताराबाई आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. इथे कोसबाडला मुलं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात गेली. गोष्ट लहानपणापासून पाठ, उपयोग चाळिशीत झाला.

मग आम्ही अगदी साध्या गोष्टी केल्या. लोकलने परतणाऱ्या बायका सातनंतर उतरतात आणि पार्लर सातला बंद व्हायचं, ते नऊपर्यंत उघडं ठेवलं. गुगलच्या नकाशावर दुकान रुळांच्या भलत्याच बाजूला दिसत होतं, ते जागेवर आणलं. मजकूर मराठीत, थोडा गुजरातीत. आणि रोज दुपारी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एवढंच : आज संध्याकाळी कोणत्या वेळा रिकाम्या आहेत. पण स्टेटस दिसायला तिच्याकडे गिऱ्हाइकाचा आणि गिऱ्हाइकाकडे तिचा, असे दोन्ही नंबर सेव्ह केलेले लागतात. म्हणून पैसे घेताना ती समोरच नंबर सेव्ह करायला लावते. टिकटॉकच्या अनुभवानंतर नंबर वहीतही उतरवते.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. केस कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो लोक आवडीने बघतात. लग्न ठरलेल्या एका मुलीने कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापले होते. फोटो सुंदर होते. मैत्रिणीने ते मला नुसते बघायला पाठवले, आणि मी ते न विचारता पानावर टाकले, चेहऱ्यासकट. संध्याकाळी ते होणाऱ्या सासरी पोचले. कुणाला विचारून कापले, आणि वर गावाला दाखवले? दुसऱ्या दिवशी मुलगी आईबरोबर रडत पार्लरमध्ये आली. मी फोटो काढून टाकले, पण तोवर ते पुढे गेले होते. माफी मागायला मैत्रीण त्यांच्या घरी गेली. चूक माझी, उंबऱ्यावर उभी ती. लग्न पार पडलं, हे नंतर कळलं. मुलगी परत कधी आली नाही.

तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आहे : 'फोटो, हो की नाही'. चेहरा घ्यायचा नाही, पाठमोरे केसच. आणि दोनदा विचारायचं, एकदा खुर्चीत आणि एकदा ती घरी पोचल्यावर. खुर्चीत बसलेली बाई आरशात बघून भिडेखातर हो म्हणते. घरी गेल्यावर पुष्कळ जणी नको म्हणतात. त्यामुळे पानावर फोटो कमी असतात. मी आधी कुरकुरले, आता नाही.

थकलेलं भाडं फिटलं. दुसरी खुर्ची आली आहे. मुलगी नर्सिंग करते आहे. नव्या बायका अजूनही सगळ्यात जास्त वहिनीच पाठवते, आणि त्यात माझा काही हात नाही.

एक सूचना आहे. आजचे फोटो रात्री आपल्या ग्रुपवर आणि नंतर स्मरणिकेत जाणार आहेत. ज्यांना नको असेल त्यांनी जेवणाआधी तिसऱ्या रांगेत नाव द्यावं. वही तिने आणली आहे.