नदीच्या नकाशातले नोड



नदीचा हिशेब संगणकात मांडायला ठिपके आणि रेघा पुरतात. ठिपका म्हणजे नोड, रेघ म्हणजे लिंक. ऑस्ट्रेलियातलं ‘सोर्स’ हे सॉफ्टवेअर घ्या, अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात घडलेलं ‘रिव्हरवेअर’ घ्या. दोन्हींची मांडणी अशीच. ‘सोर्स’मध्ये रेघेवर पाणी वाहतं आणि त्याला वेळ लागतो. पाणी कोणाला, किती, कधी द्यायचं, हे ठरतं नोडवर.

आपली कृष्णाच पाहू. कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, तिथे संगमाचा नोड. दोन्हीकडून आलेल्या पाण्याची तो बेरीज करतो आणि पुढे देतो. सांगलीत आयर्विन पुलाशी मोजणीचा नोड ठेवता येतो. तो पाण्याला हात लावत नाही. प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह आणि संगणकानं काढलेला प्रवाह शेजारी-शेजारी दाखवतो. वरच्या गणितात खोट असेल तर ती इथे उघडी पडते.

कोयना धरणाचा नोड भरताना मात्र कस लागतो. पातळी, साठा आणि बुडीत क्षेत्र यांचं कोष्टक हवं, कारण बाष्पीभवन पाण्याच्या पसाऱ्यावर ठरतं. सांडव्याची क्षमता हवी. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरण कुठवर भरू द्यायचं, तेही हवं. शिवाय इथून पाण्याला वाटा दोन: एक पूर्वेला कृष्णेकडे, दुसरी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघराकडे. पश्चिमेला गेलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, कृष्णेत परत येत नाही. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादानं या वाटेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. ती नोडमध्ये लिहायची राहिली, तर संगणक बिनतक्रार हवं तेवढं पाणी पश्चिमेला सोडेल.

मागणीच्या नोडमध्ये अग्रक्रम लिहावा लागतो. महाराष्ट्राच्या २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती उद्योगाच्या पुढे आली. संगणकात हा बदल म्हणजे दोन आकड्यांची अदलाबदल. पण टंचाईच्या वर्षी कोणाचा नळ आधी बंद होणार, ते त्या दोन आकड्यांवर ठरतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. तिच्यात पाणी वरून खालीच जातं. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. साध्या नोडला ते दाखवता येत नाही. त्यासाठी पात्राचे आडवे छेद घेऊन पाण्याची पातळी काढणारं वेगळं गणित करावं लागतं. तेव्हा अशा फुगवट्याचा वाद कोणी नुसत्या नोडच्या नकाशावर निकालात काढू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

उद्या तुमच्या खोऱ्याचा असा आराखडा समोर आला, तर शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचून थांबू नका. प्रत्येक नोडमध्ये कोणत्या मर्यादा आणि कोणता अग्रक्रम लिहिला आहे, याची यादी मागा. ती मराठीत मागा आणि ग्रामसभेत वाचून घ्या.