दंतवैद्याची पाटी

दातांचा डॉक्टर हा मोठा चमत्कारिक व्यावसायिक आहे. त्याच्याकडे हौसेने कोणी जात नाही. सोनाराकडे, शिंप्याकडे माणूस आनंदाने जातो. वैद्याकडे निदान आशेने जातो. दंतवैद्याकडे मात्र तो लवंग, मिठाच्या गुळण्या, शेजारणीचा सल्ला आणि स्वतःचे धैर्य ही सर्व संपल्यावर, सुजलेला गाल हाताने धरून जातो. अशा व्यावसायिकाने आपले नाव लोकांपर्यंत पोचवावे तरी कसे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण नोकरीनिमित्त काही वर्षे काशीत राहण्याचा योग आला, आणि तेथे तो मला जवळून पाहावयास मिळाला.

दातांच्या बाबतीत काशी ही जुनी जाणती नगरी आहे. सुश्रुतादी शिष्यांस आयुर्वेद शिकविणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचाच राजा, असे सुश्रुतसंहिता सांगते. दातवणाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, कडू झाडांत निंब आणि तुरट झाडांत खैर श्रेष्ठ, इतका बारीक तपशील त्या ग्रंथात आहे. आजही पहाटे घाटाकडे जाताना निंबाच्या काड्यांच्या जुड्या मांडून बसलेले विक्रेते दिसतात. त्यांना जाहिरात लागत नाही. पदपथावर चादर पसरून, तीवर कवळ्या आणि पक्कड मांडून बसणाऱ्या दातकाढ्यालाही ती लागत नाही. त्याचे दुकान हीच त्याची पाटी. अडचण होते ती पाच वर्षे शिकून, पदवी घेऊन, जिना चढून जावे लागेल अशा खोलीत बसलेल्या डॉक्टराची.

अमेरिकेत ही अडचण एका गृहस्थाने फारच धडाक्याने सोडविली. एडगर पार्कर हा कॅनडात जन्मलेला, फिलाडेल्फियात शिकलेला दंतवैद्य. पाटी लावून गिऱ्हाईक येईना, तेव्हा त्याने बँड लावून भर रस्त्यात दात काढण्यास आरंभ केला. वाजंत्रीने गर्दी जमे, आणि रोग्याचे ओरडणेही तीत बुडून जाई! एकाच दिवसात काढलेले म्हणून ३५७ दातांची माळ तो गळ्यात घाली. १९१३ मध्ये त्याने चक्क एक सर्कस विकत घेतली. ‘वेदनारहित’ हा शब्द खोटा आहे असा आक्षेप आला, तेव्हा १९१५ मध्ये त्याने कायदेशीर रीतीने आपले नावच ‘पेनलेस’ करून घेतले. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, ही म्हण हत्तीपेक्षा त्यालाच अधिक शोभते. तरीही, दात नियमितपणे तपासून घ्या, हे सामान्य माणसाच्या कानी घालणाऱ्यांत तो पुढे होता, हेही नाकारता येणार नाही.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आली. पुढे १९७६ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये त्यांच्यासाठी आचारसंहिता झाल्या. गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करणे तिला मान्य नाही. व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, अशी साधी सूचना वर्तमानपत्रात देता येते. अवाढव्य पाटी लावता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, दंतमंजनाची जाहिरात चालते, मग दंतवैद्याची का नको? केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘विको’ची स्थापना केली आणि दारोदार फिरून दंतमंजन विकले, त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. फरक असा आहे की मंजन आवडले नाही तर माणूस दुसरी डबी घेतो. पण ‘हा दात काढावाच लागेल’ असे डॉक्टराने म्हटले, तर ते खरे की खोटे हे रोग्याला कधीच कळत नाही, आणि काढलेला दात परत बसत नाही. जेथे गिऱ्हाइकाला पारख करता येत नाही, तेथे स्तुतीला लगाम हवा. खरे पाहता मंजनालाही तो घालावा लागलाच. तंबाखू मिसळलेली मंजने वर्षानुवर्षे विकली जात होती. १९९२ मध्ये सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली.

माझ्या परिचयाचा एक तरुण दंतवैद्य, ब्रह्माघाटाकडच्या एका जुन्या मराठी घरातला, एकदा मजकडे आला. “काका, सहा महिने झाले पाटी लावून. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते माझ्याच बाबतीत खरे होणार असे दिसते.” एका स्थानिक हिंदी पत्राने त्याला आठवड्याला थोडी जागा देऊ केली होती, आणि त्यासाठी लिहिलेला मजकूर त्याने मला दाखविला. त्यात परदेशी खुर्ची होती, नवे यंत्र होते, त्याची पदवी तर दोनदा होती. मी म्हटले, “हे सगळे तुझ्याविषयी झाले. ज्याचा दात दुखतो आहे तो यात कोठे आहे? तुला लोक रोज काय विचारतात ते सांग.”

लोक काय विचारीत? वरचा दात काढला की दृष्टी जाते का? नाही, डोळ्याच्या आणि दाताच्या नसा वेगळ्या आहेत. दात साफ करून घेतले की हलू लागतात, हे खरे का? नाही, आधीच सैल झालेल्या दातांना किटणाने टेकू दिलेला असतो, तो निघाल्यावर सैलपणा उघड होतो इतकेच. आम्ही ठरविले की एका लेखात एकच प्रश्न घ्यावा, रोग्याची हकीकत त्याच्या संमतीवाचून छापू नये, आणि शब्द गल्लीतले असावेत. हिंदी पत्रकारितेला घडविणारे ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीतच जन्मलेले मराठी माणूस, परक्या भाषेत नव्हे, शेजाऱ्याच्या भाषेत लिहिण्याची वाट या शहरात मराठी माणसाला नवी नाही.

खरी कसोटी पुढेच होती. मी त्याला पानावर लिही म्हटले. तो गप्प झाला. बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ते त्या शहराचे आतिथ्य आहे, अभिमान आहे. त्याच्या दवाखान्याखाली पानाचेच दुकान होते, आणि तो पानवालाच निम्मे रोगी वर धाडीत असे. पण सुपारी ही स्वतःच, तंबाखू नसतानाही, कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. तोंडातील पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, उभी तीन बोटे आत जाऊ नयेत इतके आखडलेले तोंड, ही लक्षणे पुष्कळदा प्रथम पाहतो तो दंतवैद्यच. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग रुग्णालये काशीतच आहेत. पण तेथे वेळेवर जा, असे सांगणारा कोणी हवा ना? जो दंतवैद्य गिऱ्हाईक दुखावेल म्हणून हे लिहीत नाही, त्याच्या बाकीच्या लेखांना जाहिरातीपलीकडे काय किंमत राहते? हे मी त्याला जरा कठोरपणेच विचारले.

त्याने लिहिले. पानाची निंदा केली नाही; सुपारी व जर्दा काय करतात ते सांगितले आणि तीन बोटांची परीक्षा घरी आरशासमोर कशी करावी ते सांगितले. पुढचे काही आठवडे पानवाल्याने एकही माणूस वर पाठविला नाही. त्याच्याशी बोलणेही बंद होते. मग एका दुपारी तो स्वतःच जिना चढून आला, सोबत आपल्या धाकट्या भावाला घेऊन. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने भावाला तोंड उघडावयास सांगितले. दोनच बोटे आत जात होती.